दृष्टिगत बिंदुसमूहन

आकाशात, जमिनीवर वा कागदावर विखुरलेले सुटे बिंदू एकत्र जोडून त्यांची रांग, पुंजका, वर्तुळ किंवा एखाद्या परिचित वस्तूची आकृती पाहण्याची मानवी दृष्टीची प्रवृत्ती. या प्रवृत्तीसाठी पाहणाऱ्यास कोणताही जाणीवपूर्वक प्रयत्न करावा लागत नाही. उलट एकदा दिसलेली आकृती न पाहणे हेच अवघड असते. मृग नक्षत्रातील तीन तारे एका ओळीत आहेत, हे लहान मुलालाही कोणी शिकवावे लागत नाही. ते तारे एकमेकांपासून किती दूर आहेत, त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे की नाही, यांपैकी कशाचीही माहिती नसताना डोळा आपला निवाडा देऊन मोकळा झालेला असतो.

या विषयाच्या इतिहासात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आढळतात. विखुरलेल्या बिंदूंत आकृती का व कशी दिसते, हा एक; आणि आकृती दिसली म्हणजे त्या बिंदूंमध्ये खरोखर काही संबंध असतो काय, हा दुसरा. तर्कदृष्ट्या पहिला प्रश्न आधीचा असला, तरी प्रत्यक्षात दुसऱ्याचा विचार अठराव्या शतकात सुरू झाला आणि पहिल्याकडे मानसशास्त्रज्ञांचे लक्ष विसाव्या शतकात वळले. या विलंबाची किंमत विशेषतः ज्योतिषशास्त्रास मोजावी लागली.

आकाशातील आकृती : नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारे तारे संपूर्ण आकाशात सु. सहा हजार असून एका वेळी, एका ठिकाणाहून त्यांपैकी निम्म्याहून कमीच दिसतात. त्यांच्या मांडणीत कोणतीही योजना नाही. तरीही आकाशात आकृती न पाहणारा समाज आढळत नाही. बॅबिलोनियातील ‘मुल-अपिन’ या मृत्तिकापट्टांवरील ग्रंथात तारकासमूहांची मोठी यादी असून तिच्या उपलब्ध प्रती इ. स. पू. सातव्या शतकापासूनच्या आहेत. टॉलेमीने इ. स. १५० च्या सुमारास आपल्या ‘अल्माजेस्ट’मध्ये ४८ समूह दिले. चिनी परंपरेत हे गट लहान पण पुष्कळ असून त्यांची संख्या २८३ मानण्यात येते. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघटनेने विसाव्या शतकात ८८ समूह मान्य केले आणि १९३० मध्ये त्यांच्या सीमारेषा प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून शास्त्रीय परिभाषेत तारकासमूह म्हणजे आकृती नसून आकाशाचा सीमाबद्ध भाग होय. डोळ्याने घडविलेल्या आकृतीला गणिती सीमेने बाजूला सारले. नावे मात्र जुनीच राहिली.

भारतीय परंपरेत चंद्राच्या मार्गावरील सत्तावीस वा अठ्ठावीस नक्षत्रांना अधिक महत्त्व होते. तैत्तिरीय संहितेतील नक्षत्रांची यादी कृत्तिकांपासून सुरू होते. ऐतरेय ब्राह्मणात मृगरूप घेतलेला प्रजापती, त्याला मारणारा मृगव्याध, रोहिणी आणि तीन भागांचा बाण यांची कथा आहे. तीत आकाशाच्या एका मोठ्या भागातील तेजस्वी तारे एकाच प्रसंगात गुंफले आहेत. मृगाच्या पोटातील ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांना या कथेमुळे बाणाचे स्वरूप आले. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात वेदकाल ठरविण्यासाठी या कथेचा आधार घेतला. त्यानंतर तीनच वर्षांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ प्रसिद्ध झाला. प्रत्येक नक्षत्रात किती तारे मोजावयाचे, याविषयी निरनिराळ्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. आकाश एकच असताना गटाची हद्द कोठे संपते याविषयी मतभेद व्हावेत, ही गोष्ट आकृती केवळ आकाशात नसून पाहणाऱ्याच्या ठिकाणीही असते याची साक्ष देते. राम दैवज्ञाच्या ‘मुहूर्तचिंतामणी’ (१६००) या ग्रंथात नक्षत्रांच्या आकृतीही सांगितल्या आहेत : अश्विनीची घोड्याच्या मुखासारखी, कृत्तिकांची वस्तऱ्यासारखी, रोहिणीची गाड्यासारखी, हस्ताची हाताच्या पंजासारखी इत्यादी. मुहूर्त पाहणाऱ्यास आकाशात नक्षत्र चटकन ओळखता यावे, हा अशा वर्णनाचा व्यावहारिक उपयोग होता.

एकच गट अनेक समाजांनी पाहिला, पण त्यास निरनिराळे रूप दिले, याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे सप्तर्षी. बॅबिलोनियात तो गाडा होता, ग्रीकांनी त्यात आजूबाजूचे मंद तारे मिळवून मोठे अस्वल पाहिले, इंग्लंडमधील शेतकऱ्यांना तो नांगर वाटला आणि अमेरिकेत लांब दांड्याचा डाव. मध्य भारतातील गोंड लोक त्यातील चौकोनास म्हातारीची खाट व शेपटीतील तीन ताऱ्यांस ती पळवून नेणारे तीन चोर समजतात. ऋषी, अस्वल, नांगर आणि खाट यांत काहीही साम्य नाही. तथापि सात तारे एकत्र धरावयाचे आणि त्यांत चार व तीन अशी विभागणी करावयाची, याबाबत बहुतेकांचे जवळजवळ एकमत दिसते. अर्थ संस्कृतीने दिला, गट त्याआधीच पडलेला होता.

संबंध खरा की योगायोगाचा : हे गट केवळ दृष्टीचे आहेत की निसर्गातही आहेत, असा प्रश्न नेमकेपणाने विचारण्याचा मान जॉन मिचेल (१७२४–९३) या इंग्रज धर्मोपदेशकाकडे जातो. १७६७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी कृत्तिकांचा विचार केला. कृत्तिकांतील सहा ठळक ताऱ्यांपैकी सर्वांत मंद ताऱ्याइतके तेजस्वी तारे संपूर्ण आकाशात सु. १,५०० आहेत असे धरून, ते सर्व केवळ यदृच्छेने विखुरले असते तर त्यांतील सहा इतक्या लहान जागेत येण्याची शक्यता किती, याचे गणित त्यांनी केले. ती सु. पाच लाखांत एक इतकी अल्प आली. यावरून कृत्तिका हा योगायोगाने जमलेला पुंजका नसून त्यातील तारे एकमेकांशी खरोखर संबद्ध असले पाहिजेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. जवळजवळ दिसणाऱ्या जोडताऱ्यांनाही त्यांनी हाच तर्क लावला. पुढे विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) यांनी अनेक वर्षांच्या वेधांवरून काही जोडतारे एकमेकांभोवती फिरतात असे १८०३ मध्ये दाखविले, तेव्हा मिचेल यांच्या तर्कास प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

तरीही मिचेल यांच्या पद्धतीतील एक अडचण स्कॉटिश भौतिकीविज्ञ जेम्स फोर्ब्झ (१८०९–६८) यांना खटकली व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी तिच्यावर टीका केली. यदृच्छेने विखुरलेले बिंदू सारख्या अंतरावर पसरतात अशी आपली सहज समजूत असते. वस्तुतः ती चुकीची आहे. शिवाय पुंजका आधी डोळ्यांना दिसला आणि मगच त्याची संभाव्यता काढली, तर गणिताला पाहणाऱ्याच्या निवडीचा स्पर्श झालेलाच असतो. हा आक्षेप वाजवी होता. मात्र कृत्तिकांच्या बाबतीत त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही. संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९५६ मध्ये हे गणित नव्याने करून दाखविले. त्यांचा आकडा मिचेल यांच्याइतका प्रचंड नव्हता, पण योगायोगाची कल्पना नाकारण्यास तो पुरेसा होता. कृत्तिका हा सु. ४४० प्रकाशवर्षे अंतरावरील खरा तारकागुच्छ असून त्यात हजाराहून अधिक तारे आहेत, हे आता सिद्ध झाले आहे.

सर्वच आकृतींच्या वाट्याला असा निकाल आला नाही, आणि काहींच्या बाबतीत तो अर्धवट आला. रिचर्ड प्रॉक्टर (१८३७–८८) यांनी १८६९ मध्ये सप्तर्षींतील ताऱ्यांच्या निजगती ताडून पाहिल्या, तेव्हा मधले पाच तारे एकाच दिशेने जात असल्याचे आढळले. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस व वसिष्ठ हे ते पाच असून ते सु. ८० प्रकाशवर्षे अंतरावर आहेत. वसिष्ठाजवळची अरुंधतीही त्यांच्याच बरोबर जाते. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र त्यांच्याहून बरेच दूर असून वेगळ्या दिशेने चालले आहेत. म्हणजे सात जणांच्या मंडळीत दोघे केवळ वाटेत दिसले म्हणून मोजले गेले आहेत. रोहिणीच्या गाड्याची कथा याहून चमत्कारिक आहे. त्या त्रिकोणी आकृतीतील मंद तारे सु. १५० प्रकाशवर्षांवरील खऱ्या गुच्छाचे घटक आहेत. पण ज्या लालसर, तेजस्वी ताऱ्यामुळे ती आकृती प्रथम नजरेत भरते, तो स्वतः रोहिणीचा तारा सु. ६५ प्रकाशवर्षांवर असून त्या गुच्छात नाही.

पृथ्वीवरील बिंदूंच्या बाबतीत याच प्रश्नाला जीवनमरणाचे महत्त्व आले. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची तीव्र साथ उद्भवली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो (१८१३–५८) या वैद्याने मृत्यू झालेली घरे नकाशावर खुणांनी दाखविली, तेव्हा त्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. हा नकाशा पुढे इतका प्रसिद्ध झाला, की नकाशा पाहूनच स्नो यांना कारण सापडले अशी समजूत रूढ झाली. वस्तुस्थिती उलट आहे. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे मत ते काही वर्षे आधीपासून मांडत होते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढण्यात आला आणि नकाशा त्यानंतर तयार झाला. शिवाय त्यांनी केवळ दाटीवर विसंबून न राहता दाटीतील रिकाम्या जागांचा शोध घेतला. पंपाच्या जवळच असलेल्या अनाथालयवजा श्रमगृहात ५३५ माणसे राहत असून त्यांपैकी पाचच दगावली. त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. शेजारच्या मद्यनिर्मितीगृहातील कामगार पंपाचे पाणी पीत नसत व ते वाचले. पुंजक्याइतकेच महत्त्व त्यातील पोकळीला देणे, हा स्नो यांच्या पद्धतीचा खरा विशेष होय.

मंगळावरील कालवे : सुटे बिंदू व ठिपके जोडून डोळा रेषा कशी निर्माण करतो, याचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत महाग धडा मंगळाने दिला. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असता मिलान येथील वेधशाळेचे जोव्हान्नी स्क्यापारेल्ली (१८३५–१९१०) यांनी २२ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकातून त्याचा नकाशा तयार केला. गडद भागांना जोडणाऱ्या काही अरुंद रेषा त्यांना दिसल्या व त्यांना त्यांनी ‘कानाली’ असे नाव दिले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो. परंतु सुएझ कालवा खुला होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती, आणि इतर भाषांत हा शब्द ‘कालवे’ असाच पोहोचला. स्वतः स्क्यापारेल्ली त्यांच्या उत्पत्तीविषयी सावध होते. ही सावधगिरी अमेरिकेतील पर्सिव्हल लोएल (१८५५–१९१६) यांनी बाळगली नाही. त्यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली, शेकडो कालवे नकाशांत काढले आणि कोरड्या पडत चाललेल्या ग्रहावर ध्रुवांकडील पाणी आणण्यासाठी बुद्धिमान प्राण्यांनी ते खणले असल्याचा सिद्धांत मांडला. लोएल यांचे लेखन सुबोध व मोहक होते. त्यांच्या सचोटीविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी जे काढले ते त्यांना खरोखर दिसत होते. प्रश्न दिसण्याचाच होता.

ग्रिनिच वेधशाळेतील वॉल्टर माँडर (१८५१–१९२८) यांनी हे नेमके हेरले. दृष्टीच्या मर्यादेपलीकडील बारीक ठिपके स्वतंत्रपणे ओळखता येत नाहीत. तथापि त्यांचा एकत्रित परिणाम डोळ्यावर होतो आणि तो रेषेच्या रूपाने व्यक्त होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते पडताळण्यासाठी माँडर व एव्हान्झ यांनी ग्रिनिच येथील एका शाळेतील मुलांवर प्रयोग केले व त्यांचा वृत्तांत १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांसमोर मंगळासारखे एक चित्र ठेवून ते जसेच्या तसे काढावयास सांगण्यात आले. चित्रात अनियमित ठिपके आणि छटा होत्या, कालवे नव्हते. जवळ बसलेल्या मुलांनी ठिपके ठिपक्यांसारखे काढले. फार दूरच्या मुलांना काहीच उमगले नाही. मधल्या अंतरावरील अनेक मुलांनी मात्र सरळ रेषा काढल्या. त्यांना मंगळाच्या वादाशी कर्तव्य नव्हते. लोएल यांनी या प्रयोगाची ‘लहान मुलांचा सिद्धांत’ म्हणून संभावना केली. फ्रान्समध्ये कामीय फ्लामारियाँ यांनी असाच प्रयोग केला असता तेथील मुलांनी रेषा काढल्या नाहीत, या गोष्टीचाही कालव्यांच्या पुरस्कर्त्यांना आधार मिळाला. वास्तविक ठिपक्यांचा आकार, अंतर व प्रकाश थोडा बदलला तरी परिणाम बदलतो, हे लक्षात घेता या दोन निष्कर्षांत फारसा विरोध नाही.

या वादास कलाटणी यूजीन अँटोनिआडी (१८७०–१९४४) यांच्यामुळे मिळाली. ते स्वतः पूर्वी कालवे काढणाऱ्यांपैकी एक होते. १९०९ मध्ये पॅरिसजवळील म्यूदाँ येथील ८३ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकातून, वातावरण विलक्षण स्थिर असताना, त्यांनी मंगळ पाहिला, तेव्हा कालव्यांच्या जागी अनियमित ठिपके, तुटक पट्टे आणि गुंतागुंतीच्या छटा असल्याचे त्यांना आढळले. दूरदर्शक मोठा होताच रेषा विरघळली. तरीही लोकांच्या मनातून कालवे लगेच गेले नाहीत. जुलै १९६५ मध्ये मरिनर–४ या यानाने जवळून घेतलेल्या छायाचित्रांत विवरांनी भरलेला निर्जन प्रदेश दिसला, तेव्हा हा विषय खऱ्या अर्थाने संपला. मरिनर–९ ने १९७१–७२ मध्ये जवळजवळ संपूर्ण ग्रहाची छायाचित्रे पाठविल्यानंतर जुन्या नकाशांशी त्यांची तुलना करण्यात आली. तीत बहुसंख्य कालव्यांच्या जागी कसलीही भूरचना वा छटांची ओळ आढळली नाही. यावरून माँडर यांचे स्पष्टीकरणही अपुरे ठरते. ठिपके जोडण्याच्या प्रवृत्तीबरोबर अपेक्षेचाही भाग मोठा होता : आधीच्या नकाशावर जी रेषा आहे ती शोधणारा डोळा ठिपके नसतानाही ती पुरी करीत असे.

व्यूह मानसशास्त्र : सुटे घटक एकत्र आल्यावर त्यांच्या बेरजेहून वेगळे असे काही प्रत्ययास येते, हा विचार ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ क्रिस्टिआन फोन एरेनफेल्स (१८५९–१९३२) यांनी १८९० मध्ये संगीताच्या संदर्भात मांडला होता. चाल वेगळ्या पट्टीत गायिली तर प्रत्येक स्वर बदलतो, पण चाल तीच राहते. या विचाराला प्रयोगाचे अधिष्ठान माक्स व्हेर्टहायमर (१८८०–१९४३) यांनी दिले. १९१२ मध्ये त्यांनी भासमान गतीविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. व्होल्फगांग कलर (१८८७–१९६७) व कुर्ट कोफ्का (१८८६–१९४१) हे त्या प्रयोगांतील निरीक्षक होते. या तिघांपासून व्यूह मानसशास्त्राचा संप्रदाय उदयास आला. व्हेर्टहायमर यांचा १९२३ मधील निबंध मात्र प्रस्तुत विषयाचा पाया होय. त्यातील बहुतेक आकृती म्हणजे पांढऱ्या कागदावरील काळे ठिपके आहेत. इतक्या सामान्य साधनाने इतका मूलगामी प्रश्न सोडवू पाहणारे निबंध मानसशास्त्रात थोडेच सापडतील.

एका ओळीत ठिपके मांडून त्यांतील अंतरे आलटून पालटून कमीजास्त ठेवली, तर जवळजवळचे दोन ठिपके जोडीने दिसतात. दूरदूरचे दोन जोडीने पाहण्याचा प्रयत्न केला, तर एकदोन जोड्या महत्प्रयासाने जमतात व लगेच विस्कटतात. हा सान्निध्याचा नियम. सर्व अंतरे सारखी ठेवून काही ठिपके काळे व काही पोकळ केले, तर सारखे ठिपके एकत्र येतात, हा सादृश्याचा. काही ठिपके एकदम एकाच दिशेने सरकविले, तर ते पूर्वी वेगवेगळ्या जोड्यांत असले तरी त्यांचा नवा गट पडतो. यास समगतीचा नियम म्हणता येईल. प्रॉक्टर यांनी सप्तर्षींचे खरे कुटुंब याच कसोटीने निवडले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. यांशिवाय वळण न मोडता पुढे जाणारी ओळ पसंत करणे, आणि अपुरी आकृती बंदिस्त करून पाहणे, हेही घटक व्हेर्टहायमर यांनी नोंदविले. दोन नियम परस्परांविरुद्ध योजले तर त्यांतील कोणता वरचढ ठरतो, हे पाहण्याची त्यांची रीत विशेष उद्‌बोधक आहे. पूर्वानुभवाचे स्थान त्यांनी नाकारले नाही. पण सवयीने सर्व काही उलगडते, या तत्कालीन प्रचलित मताला त्यांनी ठाम विरोध केला.

चौकोनी जाळीत सारख्या अंतरावर ठिपके मांडले तर गट आडवा पाडावा की उभा, याचा निर्णय डोळ्याला होत नाही व आकृती क्षणोक्षणी पालटते. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीची सारी मौज या अनिश्चिततेवर आधारलेली आहे. अकरा ठिपके अकरा ओळींच्या जाळीत कमळही बसते आणि मोरही. रेषा पडेपर्यंत दोन्ही शक्य असतात. रेषा पूर्ण झाल्यावर मात्र वळणाचे सातत्य सान्निध्यावर मात करते व ठिपके दिसेनासे होतात.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्ता आल्यावर ज्यू असलेल्या व्हेर्टहायमर यांना देश सोडावा लागला व ते न्यूयॉर्कला गेले. कलर ज्यू नव्हते. त्यांनी अध्यापकांच्या हकालपट्टीविरुद्ध वृत्तपत्रात उघड लेख लिहिला आणि १९३५ मध्ये तेही अमेरिकेस गेले. कोफ्का आधीच तेथे स्थायिक झाले होते. संप्रदायाचे जर्मनीतील केंद्र मोडले, आणि त्याचे नियम पाठ्यपुस्तकांत गेले तरी त्यांचे मापन करण्याचे काम बरीच वर्षे रेंगाळले.

यदृच्छेचे स्वरूप : दुसऱ्या महायुद्धात फोर्ब्झ यांच्या आक्षेपाची आठवण करून देणारी घटना घडली. जून १९४४ पासून लंडनवर जर्मनांचे उडते बाँब पडू लागले. ते ठरावीक भागांत पुंजक्यांनी पडतात, अशी लोकांची धारणा झाली. शहरातील कोणता भाग सुरक्षित, याविषयी तर्क लढविले जाऊ लागले. विमागणिती आर. डी. क्लार्क यांनी १९४६ मध्ये यासंबंधीचा एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. दक्षिण लंडनमधील १४४ चौ. किमी. क्षेत्राचे त्यांनी प्रत्येकी पाव चौ. किमी.चे ५७६ चौकोन पाडले. या क्षेत्रात ५३७ बाँब पडले होते. बाँब केवळ यदृच्छेने पडले असते, तर प्वासाँ यांच्या सूत्रानुसार सु. २२७ चौकोन कोरे राहिले असते. प्रत्यक्षात २२९ राहिले. एकच बाँब पडलेले चौकोन २११ अपेक्षित होते व तितकेच निघाले. दोन बाँबचे ९९ अपेक्षित असता ९३, तीनचे ३१ अपेक्षित असता ३५ व चारचे सात अपेक्षित असता सातच आढळले. नेम धरून एखादा भाग उद्‌ध्वस्त करण्याइतकी अचूकता त्या अस्त्रात नव्हती. नकाशावर दिसणारे पुंजके खोटे नव्हते, पण त्यांमागे कारण नव्हते. यदृच्छेने पडलेल्या बिंदूंत दाटी आणि पोकळी असतेच. जेथे ती मुळीच नसते, तेथेच कोणीतरी मांडणी केली असल्याचा संशय घ्यावयास हवा.

युद्धोत्तर संशोधन : प्रयोगासाठी ठिपके पुन्हा आले ते संगणकामुळे. बेला यूलेस (१९२८–२००३) यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यादृच्छिक ठिपक्यांच्या जोडचित्रांची निर्मिती केली व १९६० मध्ये त्यांविषयी लिहिले. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे पाहिले तर त्यात ठिपक्यांच्या गर्दीपलीकडे काहीही नसते. दोन्ही डोळ्यांनी दोन चित्रे एकदम पाहिली की मधला चौकोन वर तरंगताना दिसतो. आकृती ओळखल्यानंतर खोली कळते, असे तोपर्यंत समजत; येथे आकृती खोलीतूनच जन्मास येत होती. लीअन ग्लास यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेला प्रयोग कोणालाही घरी करता येण्याजोगा आहे. कागदावर ठिपक्यांचा अस्ताव्यस्त सडा टाकून त्याची पारदर्शक कागदावर प्रत घ्यावी आणि ती मूळ कागदावर ठेवून किंचित फिरवावी. लगेच भोवऱ्यासारखी समकेंद्री वर्तुळे दिसू लागतात. फिरविण्याचा कोन वाढविला की ती नाहीशी होतात. दृष्टिकेंद्रांतील पेशी विशिष्ट दिशेच्या लहान रेषांना प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल व व्हीझेल यांनी (१९८१ चे नोबेल पारितोषिक) दाखविले होते. प्रत्येक ठिपका व त्याची सरकलेली प्रत मिळून अशी एक लहान रेषा होते, असे या आभासाचे स्पष्टीकरण करण्यात येते.

समगतीच्या नियमाचे सामर्थ्य स्वीडनमधील गुन्नार योहान्सन (१९११–९८) यांनी दाखविले. माणसाच्या सांध्यांवर दहाबारा लहान दिवे बांधून त्याचे अंधारात चित्रीकरण केले. माणूस स्थिर असता प्रेक्षकांना काही अर्थबोध होत नसे; तो चालू लागताच क्षणार्धात मनुष्याकृती दिसे. सान्निध्याचे गणित मात्र सावकाश स्पष्ट झाले. जपानमधील ओयामा यांनी १९६१ मध्ये, आडवे व उभे गट किती वेळ दिसतात हे मोजून पहिली पावले टाकली. १९९५ मध्ये मायकेल क्युबोव्ही व योहान वागेमान्स यांनी ठिपक्यांच्या जाळ्यांवर केलेल्या प्रयोगांवरून असे आढळले, की निर्णायक असते ते ठिपक्यांमधील प्रत्यक्ष अंतर नव्हे, तर निरनिराळ्या दिशांतील अंतरांचे गुणोत्तर. संपूर्ण जाळी मोठी वा लहान केल्याने गट बदलत नाही.

या सर्व प्रयोगांनंतर संशोधन पुन्हा आकाशाकडे वळले. चार्ल्स केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ संस्कृतींतील तारकाकृती एकत्र करून, केवळ ताऱ्यांची तेजस्विता व परस्परसान्निध्य यांवर आधारलेल्या प्रतिमानाने त्यांपैकी किती गट आपोआप पडतात हे तपासण्यात आले. कृत्तिका, मृगातील तीन तारे, सप्तर्षी यांसारखे सर्वत्र आढळणारे गट या प्रतिमानातूनही मिळाले. कथांतील साम्य, उदा., कृत्तिकांना अनेक खंडांत बहिणी मानतात ही गोष्ट, अशा गणिताने उलगडत नाही. तसेच काही आकृती या चौकटीत बसतच नाहीत. अँडीज पर्वतातील इंका लोकांची लामा आणि ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा एमू पक्षी या आकाशगंगेतील आकृती ताऱ्यांच्या नसून ताऱ्यांमधल्या काळ्या धूलिमेघांच्या आहेत. तेथील निरीक्षकांनी प्रकाशबिंदूंना पार्श्वभूमी मानून अंधाराचेच आकार पाहिले.